ळ कुठे जातो

जुलै लागला तरी कूलर अजून उतरवलेला नाही.
त्याच्या खडखडाटावर आवाज चढवून मी हजेरी घेते:
भाषाविज्ञान, पहिला तास, एकोणीस नावं.

"मंजुळा भोयर."
"मंजुया भोयर, हजर."
उमरेडची मुलगी. दुरुस्त करावं तसं नाही,
नाव सांगावं तसं सांगते.
मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसतं.

संदेश, संकेत, प्रेषक, ग्राहक
पिशवीतच राहतात. येतील बिचारे नंतर.

फळ्यावर लिहिते: डोळा. म्हण.
डोया.
जवळ?
जवय.
काळं आभाळ?
कायं आभाय. आता तिलाही गंमत वाटू लागलीय.
बैल?
बैल.
लाल?
लालच ना मॅडम!

बघा, ल ला धक्का नाही.
ळ तेवढा जातो, दर वेळी,
कुणी न शिकवता.
चूक कधी इतकी शिस्तीत वागते?

"आणि नचिकेत, तू का हसलास?"
"नाही मॅडम, मी तर नुसता ऐकून राहिलो होतो."
धरमपेठ, इंग्रजी शाळा.
मी 'राहिलो' लिहून खाली रेघ ओढते.
काही बोलत नाही. तो कान खाजवतो.

मग सगळ्यांना गळ्यावर बोटं ठेवायला लावते.
प म्हणा. आता ब.
काहीजण दचकतात:
इतकी वर्षं आत कुणीतरी गुणगुणत होतं.

त्यांना सांगितलं नाही ते हे:
काटोलहून आले तेव्हा हॉस्टेलच्या आरशासमोर
रात्र रात्र जीभ मागे वळवत बसायचे.
केळं, माळ, उन्हाळा, शाळा.
दिवाळीपर्यंत य घासून निघाला.
वक्तृत्वाची ढाल मिळाली, पितळेची.
त्या सुट्टीत आई माझ्याशी
पाहुणीशी बोलावं तशी जपून बोलली.

तास सुटल्यावर माठापाशी मंजुळा विचारते,
"वहीवर नाव कोणतं लिहू?"
मी म्हणते, पेन्सिलनं लिही सध्या.
हे काही उत्तर नव्हे. तिलाही कळतं.

रात्री आईचा फोन.
"शायेतून आली का?"
विभागप्रमुख झाले तरी तिच्या लेखी शायाच.
"आली," मी म्हणते, "आता जेवून राहिली."

पलीकडे काही नाही. नुसता टीव्ही.
मग, सावकाश:
"काय जेवून राहिली?"