बॉबिनच्या खणात

तहसीनचा फोन फळवाल्या कंपनीचा,
माझा हप्त्यावरचा.
तिकडं शिकागोत तिच्या काचेवर
शाळेतल्या सगळ्या जणी निळ्या उमटतात,
मी एकटी हिरवी.
मी तोंड उघडलं की गटाची दोन शकलं होतात.
दोघींना माझं उत्तर पोचतं,
बाकीच्यांना वाटतं, ही रुसली.
"दुसऱ्या ॲपवर या की गं," मी म्हणून पाहिलं.
"इथं ते कुणी उघडत नाही."
हेही आलं दोन दिवसांनी.

उदगिरात चौबाऱ्याजवळ ओबेदचं दुकान.
स्टुलावर बसवून त्यानं उपाय सांगितले,
डॉक्टर गोळ्या समजावतो तसे.
त्याच्या टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर,
त्याच कंपनीचा, रात्रंदिवस चालू.
माझा शब्द आधी तिथं जाणार,
निळा होऊन पुढं निघणार,
रंगाऱ्याकडून सूत यावं तसा.
महिना दीडशे.
लाईट गेली आणि इन्व्हर्टर बसला,
की मी मुकी.

दुसरा उपाय फुकटचा.
कुण्या कॉलेजच्या पोरानं केलेलं ॲप,
त्याला फक्त आपला पासवर्ड द्यायचा.
म्हणजे कपाटाची किल्ली परक्याच्या हातात,
का, तर तो आपल्या वतीनं दार वाजवील.
ओबेदच म्हणाला,
"मेरी अम्मी होती तो मैं नै देने देता."
तिसरा उपाय सांगताना तो खाली बघत होता,
म्हणून मी नीट ऐकला नाही.

पहिला घेतला.
अकरा दिवस मी निळी होते.
तहसीननं लिहिलं, "काय करूलालीस?"
मी लिहिलं, "शिवूलाले, दुसरं काय,"
आणि फोननं 'शिवूलाले'खाली
लाल टाके घातले.
हसले. टाके तसेच ठेवले.

बाराव्या दिवशी कंपनीनं फट बुजवली.
ओबेद आठवडाभर झटला,
मग एका रात्री अडकलेलं सगळं
एकदम आलं, उलटं.
आधी कुणाचं तरी, "सांभाळ गं स्वतःला."
मग, "दफन असरनंतर झालं."
मग, "अम्मीला हैदराबादला ॲडमिट केलंय."
सगळ्यात शेवटी, सगळ्यात जुनं,
"जागी आहेस का?"

दुसऱ्या दिवशी तिसरा उपाय विकत आणला,
त्याच कंपनीचा जुना फोन, कोपऱ्यात तडकलेला,
विनासिमचा, नुसता घरच्या वायफायवर चालणारा.
साडेचार हजार.
पोरगा म्हणाला, शेवटी त्यांचंच ऐकलंस.
ऐकलं.
कापडापेक्षा अस्तर महाग पडलं,
असं गिऱ्हाइकालाही सांगावं लागतं कधीकधी.

तो मशीनच्या खणात असतो, बॉबिनींजवळ.
रात्री पावणेदोनला बॉबिनी खडखडतात.
मी उठते, खण ओढते.
चष्मा सापडेपर्यंत
निळं का हिरवं काही कळत नाही,
नुसता उजेड,
आणि त्यात हलणारे दोऱ्याचे तुकडे.