घट

रजिस्टरात पाच रकाने होते.
तारीख, आवक, जावक, शिल्लक
आणि शेवटचा, अरुंद: घट.
त्यात मी रोज सकाळी आकडा भरायचो
आणि पुढे एकच शब्द, उडाले.

सावर्ड्याचं ऊनही तसंच.
पत्र्याची टाकी तापायची,
दिवसाकाठी दहा-बारा लिटर उडणार
हे सुपरवायझरला पटायचं, ऑडिटरलाही.
पितळी पट्टी आत सोडायची,
ओली खूण वाचायची, बोटाने पुसायची,
बोट पँटला.
बाहेर टिप्परांची रांग, हॉर्न.
उडालं ते गेलं कुठे, कोण विचारतो.

खाण बंद झाली. टाकी भंगारात गेली.
जागेवर रानमोडी माजली,
आणि खालच्या वाड्यावरून पिएदाद बार्रेत
तांब्याचा कोळसो कमरेवर घेऊनच चढून आली:
"बांयच्या उदकाक वास येता रे."
मी नाक लावलं.
काहीच कळलं नाही.
तीस वर्षं त्या वासात काढलेल्याला
तो वास म्हणजे हवा.

आता हेमांगी आली आहे, कराडची,
नवं हेल्मेट, जुना नकाशा.
माझी नेमणूक एवढ्याचसाठी
की पाइप कुठून कुठे गेला होता
ते नकाशात नाही, माझ्या पायांत आहे.
हा इथे पंप. हा इथे वाकडा सांधा,
याच्याखाली आम्ही डबा ठेवायचो.
"आणि डबा भरला की?"
मी रानमोडीकडे बघतो.

कापलेला जांभा पाहिलाय कधी?
भोकंच भोकं, जसं वाळवीने आधी वाचून ठेवलेलं पान.
आपण त्याची घरं बांधतो, तो श्वास घेतो म्हणून.
श्वास घेणारं
पीतही असणार, हे सुचलं नाही.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं म्हणतात ना.
इथे पाणी नव्हतं.

उकरलेली माती काळ्या प्लास्टिकवर पसरली आहे
वाळवणासारखी, फक्त हिला वाळू द्यायचं नाही.
युरिया, थोडं पाणी, आठवड्याला फावड्याने उलथणं.
ते शाणू वेळीप करतो,
पूर्वी टिप्पर चालवायचा, माझ्याच टाकीवर भरायचा.
"यातले जंतू डिझेल खातात," हेमांगी सांगते.
"आमच्यापेक्षा कमीच खात असतील," शाणू म्हणतो,
आणि तिघांपैकी दोघंच हसतो.

नऊ बोअर मारलेत. पट्टी पुन्हा माझ्या हातात,
यावेळी हिला आवाज आहे:
तेलात शिरली की सलग ओरडते,
पाण्यात शिरली की तुटक.
आषाढात भूजल वर येतं
तेलाला खांद्यावर घेऊन;
मार्चात दोघं उतरतात
वाटेतल्या प्रत्येक भोकाला
बोटं पुसत.

एका रात्री मी जुनं रजिस्टर काढलं.
अकरा वर्षांची घट, बोटावर, मग कॅल्क्युलेटरवर:
अडतीस हजार चारशे सहा.
हेमांगीचा अंदाज होता पस्तीस ते चाळीस.
तिने पानांचे फोटो घेतले.
"अक्षर छान आहे तुमचं," म्हणाली,
त्याहून जास्त काही नाही.

पिएदादच्या दारात टँकरचे निळे पिंप.
तरी दर शनिवारी ती कोळसो बांयत सोडते,
माझ्यापुढे ठेवते. यंत्रावर तिचा विश्वास नाही.
"तूं सांग."
मी वाकतो, डोळे मिटतो,
पाण्यात माझं तोंड हलतं.
अजून तिला सांगितलेलं नाही
की तिने चुकीचं नाक निवडलंय.

नवं रजिस्टर. तारीख, बोअर,
तेलाची जाडी, पाण्याची पातळी, शेरा.
बोअर सात: गेल्या खेपेपेक्षा चार मिलिमीटर कमी.
शेऱ्यात सवयीने उ उमटतो.
तो खोडतो,
आणि शाणूला विचारायला जातो,
काल किती खाल्लं.