सियागंजात गळाची काठी घेताना

दुकानाला पाटी नाही.
पत्र्याच्या बादल्या, साखळ्या, सुतळीचे गुंडे,
आणि त्यांच्यामागे छताला टेकलेल्या बावीस काठ्या.
मुर्तजाभाईंनी विचारलं, "भिया, मछली कौनसी?"
मला माशांची नावं येत नाहीत.
आमच्या रामबागेतल्या घरात मासा येतो
तो फक्त पंचांगातून, मीन राशीला.

"फिर वजन बताओ."
कुणाचं? माझं अठ्ठावन्न.
ते हसले नाहीत. त्यांनी पहिली काठी काढली,
लाल, चकचकीत, अंगभर सोनेरी अक्षरं,
वरातीतल्या बँडवाल्याला शोभेल अशी.
"ये बच्चों के बर्थडे की है," म्हणत
स्वतःच परत ठेवून दिली.

मग शिकवणी.
मुठीचं बूच नखानं दाबायचं,
भोकं लांबीनं बुजवलेली असतील तर दोन पावसात भुगा.
कड्यांच्या आतून कापूस फिरवायचा,
त्याचा एक तंतू जरी अडकला तरी ती कडी
तुमची दोरी रोज थोडी थोडी खाणार.
जोड बसवून कान लावायचा. कुरकुरला तर नको.
टोक छताला लावून वाकवायचं:
कमान शेंड्यापासून मुठीकडे उतरत आली पाहिजे,
मध्येच कोपर मोडल्यासारखी नाही.
आणि रीळ चढवून एका बोटावर तोलायचं.
डोकं जड असलेली काठी
दुपारपर्यंत मनगट मागते.

हे सगळं मी ऐकलं. खरं म्हणजे अर्धंच ऐकलं.
डावा कान तारघरात राहिला,
चौतीस वर्षं, कड-कट्ट, कड-कट्ट,
कोण गेलं, कोण पास झालं,
कोण उद्याच्या पॅसेंजरनं महूला उतरतंय.
म्हणून म्हटलं, मुर्तजाभाई, एक करा.
टोकाला दोरी बांधा. तुमच्या इद्रीसला
ती घेऊन रस्त्यापलीकडे मिरचीच्या दुकानापर्यंत पाठवा.
टिचक्या मारू दे, मनाला येतील तशा.
मी डोळे मिटतो.

स्वस्तातली फायबरची:
काहीतरी हललं. गादीखालून कुणी बोलावं तसं.
बांबूची बोलली,
पण आपलंच जुनं काहीतरी.
तिसरीच्या वेळी लोडिंग रिक्षा आली,
दोरी चाकात गेली, शिव्या झाल्या,
तिचा निकाल राहूनच गेला.

चौथी करडी, ग्राफाइटची,
कंपनीचं नाव कुणीतरी खरवडून काढलेलं.
टिंब. टिंब. रेघ.
अंगठ्याच्या पेरात, स्वच्छ,
जणू उज्जैनचा कुलकर्णी पुन्हा कामावर बसलाय.
रेघ. टिंब.
मग एक लांबलचक थरथर, आणि तुटक झटका.
मी डोळे उघडले. पलीकडे इद्रीस
पोत्याला टेकून शिंकत होता.
मला त्याची शिंकसुद्धा पोचली होती.

सत्तावीसशे म्हणाले, चोवीसशेला दिली.
सिटी बसमध्ये ती खिडकीतून बाहेर काढावी लागली,
कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट मागितलं.
घरी कमलिनी दारातच:
"मासा उंबऱ्याच्या आत येणार नाही."
मासा नकोच आहे, म्हटलं.
"मग?"
मी चपला काढायला फार वेळ लावला.

गुरुवारी यशवंतसागर, हातोदच्या अंगाला.
दोरीला आकडा लावलाच नाही,
नुसती कणकेची गोळी, हळद घालून मळलेली.
शेजारच्या दगडावरच्या म्हाताऱ्या केवटानं
माझी काठी हातात घेतली, वाकवली, कान लावला,
मान डोलावली.
मग दोरीचं टोक बघितलं
आणि काही न बोलता आपली जागा बदलली.

पाणी तपकिरी होत गेलं. बगळे उठले.
टिंब.
मग बराच वेळ काही नाही.
मी सवयीनं खिशातली पेन्सिल काढली
आणि बसच्या तिकिटामागे वेळ टाकली:
सतरा चाळीस.