वीतभर फट

वफ्रात लसूणघासाला जत म्हणतात.
पहिल्या दिवशी अबू मिशारी म्हणाला, जत काप,
मी विळा धरून उभाच :
आमचा अख्खा तालुका कापायचा?
इद्रीस हसला. त्याच्या सुदानात ह्यालाच बरसीम.

आता कळतं सगळं.
वसमचा पाऊस वेळेवर झाला
तर जानेवारीत वाळूला मिसरूड फुटतं,
पुढे अरफज पिवळा होतो.
तेव्हा कळप बाहेर काढायचा, पण एका अंगाला आठच दिवस,
मग तारेपल्याड.
खाणाऱ्याला मुळं दिसत नाहीत,
ती राखणाऱ्यानं बघायची.

मार्च सरला की रान संपलं.
मग जत. कळी धरली की कापायचा, फुलायच्या आत,
आणि सुकवायचा.
दवातला ओला चारला होता एकदा घाईनं.
दोन कोकरं, पोटं नगाऱ्यासारखी.
त्या पानावर वहीत काहीच लिहिलेलं नाही.

कोपऱ्यात कोकरांचं वेगळं कुंपण केलं,
दोन पाइपांत वीतभर फट.
वीत माझी. इद्रीसची घेतली असती
तर मेंढीसुद्धा शिरली असती.
आत सुकवलेली कोवळी पानं, भरडलेला सातू.
आया तोंडं खुपसतात, खांदे अडतात,
कोकरं पाण्यासारखी आत.

शुक्रवारी बोरीला काटा टांगतो.
इद्रीस झोळीत घालतो, मी लिहितो.
बाकीची पंधराच्या पुढं,
एकतीस नंबर : नऊ. नऊ. साडेनऊ.

एक दुपार नुसता बसून राहिलो.
ते फटीपाशी यायचं,
कोणी ढकललं की बाजूला व्हायचं,
आईकडे जायचं, तिची एक सड आटलेली.
सावलीच्या बाजूला दुसरी फट पाडली,
कोणाला न सांगता.
अकरा.
साडेबारा.
पुढच्या शुक्रवारी झोळीत लाथा मारल्या,
इद्रीसचा चष्मा पडला.

अबू मिशारी काटा बघतो, मग बाजारभाव.
त्याचंही बरोबर आहे.

काल सकाळी एकतीस फटीत अडकलं.
मागं सरलं, ढुशी दिली, पुन्हा अडकलं.
मी पाना घेऊन गेलो पाइप सैल करायला
आणि तसाच परत आलो.
वहीत तारीख टाकली.

संध्याकाळी ते मोठ्यांच्या दावणीवर होतं,
तोंडात जत, चावायचं विसरून
फटीतून आत बघत.