जिन्याखाली

हडर्सफील्डला, जिन्याखालच्या कपाटात,
गॅस मीटरला खेटून
जावयाने तो काळा डबा बसवला.
दोन डिस्क आहेत, म्हणाला, आरशासारख्या.
एक मेली तरी दुसरीत सगळं राहतं.
आणि जीभ चावली क्रेगने.

कॅसेटी उतरवायला तीन आठवडे.
खरखर काढून टाकू?
नको रे.
त्या खरखरीतच अमरावतीचा मे आहे,
सतारीआड हे म्हणतायत,
पंखा बंद कर, रेकॉर्डिंग चाललंय,
आणि मी करत नाहीये.

आता ओट्याशी उभी राहून फोनवर बोट ठेवलं
की वरच्या खोलीत सतार लागते.
वर कोणी नसतं.

रात्री पाणी प्यायला उतरते तेव्हा
कपाटाच्या दाराला कान लावते.
फिरतायत.
दोन्ही.