उतरलेला सूर

आमच्या लॅम रोडवर तोफ ही बातमी नसते.
सकाळी दहाला रेंजवर फायरिंग सुरू झालं
की आधी कपाटातल्या बशा बोलतात,
मग खिडकीची काच,
मग आपण म्हणतो, हं, लागले कामाला,
आणि पोह्यांवर लिंबू पिळतो.

म्हणून शर्वाणी म्हणाली,
मामा, लढाईचा गेम आहे, पण याचं म्युझिक ऐक,
तेव्हा मी हातातली कानस खाली ठेवली नाही.
काय येणार ते ठाऊक होतं:
पन्नास नगारे, शंभर तुताऱ्या,
आणि मरणाऱ्याच्या छातीवर उभं राहून
एका सुरात ओरडणारी माणसं.

आलं ते भलतंच.
पडद्यावर जळकं गाव, अर्धा पूल,
पलीकडून रणगाडा येतोय,
आणि मागे नुसता एक भाता.
सूर नाही. भात्याचा श्वास.
कापडाला कुठंतरी चीर गेलेली जुनी पेटी,
थकलेला माणूस जिना चढतो तशी.
मग कुणीतरी एक पट्टी दाबली.

मी चष्मा काढला.
काळी दोन. पण उतरलेली.
केसभर नाही, चांगली दोन केस.
सव्वीस वर्षं पेट्या जुळवतोय मी देवळालीत,
असली पत्ती माझ्या हातून सुटली असती
तर भजनी मंडळानं पेटी परत आणून आपटली असती.
इथे मात्र ती तशीच ठेवली होती,
जाणूनबुजून,
पुन्हा पुन्हा त्याच पट्टीवर येत होते.

थांब, म्हटलं, गोळी झाडू नकोस.
शर्वाणी हसली. तेच तर, मामा.
गोळी झाडली की चाल तुटते
आणि पहिल्यापासून सुरू होते.
न झाडता उभं राहिलं तर पुढे जाते.
मग ती भिंतीआड नुसती उभी राहिली,
बोटं बटणांवर, बटणं न दाबता,
आणि चौथ्या ओळीला मेली.
परत उभी राहिली. पाचव्या ओळीला मेली.
आम्हाला पूल नको होता,
पुढची ओळ हवी होती.

तेवढ्यात आडके हवालदार पक्कड परत द्यायला आले.
तोफखान्यात एकवीस वर्षं. डावा कान नावापुरता.
उजवा स्पीकरकडे करून उंबऱ्यातच थांबले,
बसा म्हटलं तरी बसले नाहीत.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
हा कोणी वाजवलाय?
मी म्हटलं, असेल कुणी परदेशातला.
म्हणाले, तोफ उडाल्यावर आवाज ऐकू येत नाही, भाऊ.
आवाज पुढच्या गावाला.
आपल्याला राहतो तो हा.
असा एकच. जरा खाली.
रात्री उशीवर अजून असतो.

मग पक्कड माझ्या हातात दिली
आणि चहा न घेता गेले.
शर्वाणीनं आवाज कमी केला,
कुणी सांगितलं नसताना.

आज सकाळी दहाला फायरिंग सुरू झालं.
समोर भगूरहून आलेली पेटी उघडी पडली होती,
रविवारी कीर्तन आहे म्हणून घाईची.
काळी दोन उतरलेली. योगायोग म्हणा,
किंवा या पेट्यांत तीच आधी थकते म्हणा.
उपाय सोपा: पत्तीचं टोक घासलं की सूर चढतो,
बूड घासलं की उतरतो.
दहा मिनिटांचं काम, दीडशे रुपये.

मी घासली, अर्थात. गिऱ्हाईक आहे.
पण त्याआधी भाता हलकेच ओढून
एकदा ती तशीच धरली,
काच थरथरत होती तोवर,
आणि शेजारच्या भिंतीपलीकडे
आडक्यांच्या खुर्चीचा सरकल्याचा आवाज आला,
भिंतीकडे.