नमुना क्रमांक ४१२

खणावरच्या चिठ्ठीवर टाकाने लिहिलेलं:
युक्झेनाइट. पेग्माटाइटातून. गाव –
आणि गावाचं नाव झुरळांनी खाल्लेलं.
म्हणजे हा कुठला, ते आता कोणी सांगू शकत नाही.
मुंबईचा नाही, एवढं नक्की.
इथे बेसाल्ट. अंधेरीची टेकडी घ्या नाहीतर ट्रॉम्बेची,
लाव्हा वर आला आणि लगबगीने थिजला.
याला लागते ग्रॅनाइटची सावकाश निवणारी शीर,
जिच्या अगदी शेवटच्या रसात
बाकीच्या खनिजांनी दारातूनच परतवलेले धातू
गोळा होऊन बसलेले असतात:
यिट्रियम, सीरियम, नायोबियम, टँटलम,
थोडं थोरियम, थोडं युरेनियम.

सगळ्यांना याने आत घेतलं.
नावाचा ग्रीक अर्थच तो, परक्यांशी भला.
मी हे दरवर्षी सेकंड इयरला सांगते
आणि दरवर्षी पुढच्या बाकावरून कोणीतरी विचारतं,
"मॅडम, पागडी किती घेतो?"

घेत काही नाही. मार खातो.
युरेनियमचा एक अणू फुटतो, कण सुटतो,
मागे उरलेला अणू बंदुकीच्या दस्त्यासारखा
उलटा धक्का देतो; शेजारचे जागेवरून उठतात.
असं कोट्यवधी वर्षं.
आतली रांग मोडते, ओळ मोडते,
बाहेरच्या कडा मात्र जशाच्या तशा,
काळ्या, उजेडात धरल्या तर तपकिरी.
फोडलात तर शिंपल्यासारखा गोल भंग, काचेची चमक.
मुठीएवढा, पण हाताला अपेक्षेपेक्षा जड.
आणि एक्स-रे यंत्रात आलेख सपाट.
एकही शिखर नाही.

भानजी तांडेल, लॅब अटेंडंट, राहणार ट्रॉम्बे कोळीवाडा.
विभागात पहिल्यांदा काउंटर आला
आणि या खणापाशी तो तडतडायला लागला,
कढईत मोहरी पडावी तसा,
त्या रविवारी भानजीने बापाच्या जाळ्याची
शिशाची वजनं अंगणात वितळवली,
पत्रा ओतला, ठोकला,
बिस्किटांच्या डब्याला आतून अस्तर लावलं.
"बाप दर्यावर जायचा थांबलेला, शिसं पडूनच होतं."
तेव्हापासून नमुना ४१२ डब्यात.
झाकणावर अजून हसरं बाळ आहे.

एकदा मी त्याची एक कपची भट्टीत घातली.
हजार अंश, रात्रभर.
सकाळी आलेखात शिखरं उभी, टोकदार, मोजता येतील अशी.
भानजी मागून वाकून बघत होता.
"म्हणजे झाला पयल्यासारखा?"
रांग लागली, मी म्हटलं. पण पहिलीच की वेगळी,
ते किती तापवलं त्यावर ठरतं.
तो फडक्याला हात पुसत राहिला.
"मग बाकीचा नका तापवू."

यंदा विभाग बंद. विद्यार्थी सात.
झिओलाइट लॉबीतल्या काचेच्या कपाटात गेले,
दिसायला सुंदर असतात म्हणून.
४१२ न्यायला दोन माणसं आली, हातमोजे, फॉर्म तीन प्रतींत.
"मूळ ठिकाण?" त्यांनी विचारलं.
मी लिहिलं: माहीत नाही.
"इथे किती वर्षं?"
भानजीने माझ्याआधी उत्तर दिलं, "माझ्या आधीपासून."
डबा त्यांना नको होता. त्यांची स्वतःची पेटी होती, पिवळी.

ते गेल्यावर भानजीने काउंटर चालू केला,
रिकाम्या खणात धरला.
बराच वेळ काही नाही.
मग एक टक्. थांबून, आणखी एक.
"गेला ना तो? मग हे कोण बोलतं?"
भिंतीचा दगड बोलतो, मी म्हटलं, लादी बोलते,
आपल्या हाडामांसातलं पोटॅशियम बोलतं, थोडंथोडं.

त्याने काउंटर स्वतःच्या छातीला लावून पाहिला.
मग डबा उचलला. पाच किलो तरी असेल.
शिसं परत जाळ्याला लावणार का, मी विचारलं.
"जाळं कुठाय," तो म्हणाला,
आणि झाकण नीट बसतंय का ते दोनदा दाबून बघितलं.